इमेज उघडत नाही? थांबा, आधी कॉपी करा!

सबमिशनचा आठवडा आला की प्रत्येक विंगमध्ये एक तरी आरोळी ऐकू येतेच, “अगं, व्हीएम उघडत नाहीये!” लगेच पाचसहा जणी जमतात आणि प्रत्येकीकडे एकेक उपाय तयार असतो. एक म्हणते रिस्टार्ट कर, दुसरी म्हणते व्हर्च्युअलबॉक्स काढून परत टाक, तिसरी फाइलचं एक्स्टेन्शन बदलून बघायला सांगते. हा शेवटचा सल्ला देणारी सहसा सिव्हिलची असते (सिव्हिलवाल्यांनी दिवे घ्यावेत!).

गंमत बाजूला ठेवू, कारण त्या एका फाइलमध्ये अख्ख्या सेमिस्टरचं काम असतं. कोड, डेटाबेस, महत्प्रयासाने जुळवलेलं सेटिंग, सगळं. गेली दोन वर्षं मी आमच्या विंगमध्ये अशा फाइली बघतेय. ‘करप्ट झाली’ म्हणून आलेल्या बऱ्याच इमेज मुळात धडधाकट असतात. खरी वाट लागते ती पुढच्या अर्ध्या तासात, घाईघाईने केलेल्या ‘रिपेअर’मुळे. म्हणून हा लेख.

(मराठी विभागाच्या संपादकांनी प्रतिशब्द वापरायचा आग्रह केला होता. मी ‘आभासी चकती-प्रतिमा’ लिहून रूममेटला वाचून दाखवलं, ती पाच मिनिटं हसत होती. तेव्हा आपण इमेजच म्हणू. कमांडही इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत.)

आता ही इमेज असते तरी काय? व्हर्च्युअल मशीनला वाटत असतं की आपल्याकडे खरीखुरी हार्ड डिस्क आहे. प्रत्यक्षात ती तुमच्या लॅपटॉपवरची एक फाइल असते, कधी अनेक. व्हर्च्युअलबॉक्सची व्हीडीआय, व्हीएमवेअरची व्हीएमडीके, मायक्रोसॉफ्टची व्हीएचडी आणि तिची धाकटी बहीण व्हीएचडीएक्स, आणि लिनक्सवाल्यांच्या क्यूईएमयूची क्यूकाऊ-२. नावं वेगळी, पण घडण बरीचशी सारखी.

प्रॅक्टिकलचं जर्नल डोळ्यांसमोर आणा. पहिल्या पानावर नाव, रोल नंबर, विषय. मग अनुक्रमणिका. मग एकेक प्रयोग. व्हीडीआयमध्ये पहिलं पान म्हणजे हेडर, अनुक्रमणिका म्हणजे ब्लॉक मॅप आणि प्रयोगांची पानं म्हणजे एक-एक एमबीचे ब्लॉक. फरक असा, की या जर्नलमध्ये पानं क्रमाने लावलेली नसतात. ‘डायनॅमिक’ इमेज लागेल तशी वाढते. आतल्या ओएसने आधी पाच हजाराव्या एमबीवर काही लिहिलं आणि नंतर तिसऱ्या एमबीवर, तर फाइलमध्ये पाच हजारावा ब्लॉक आधी येतो आणि तिसरा त्याच्यामागे. कुठलं पान कुठे लावलंय ते फक्त मॅपला माहीत. मॅपमध्ये प्रत्येक ब्लॉकला ४ बाइट मिळतात. २० जीबीची डिस्क म्हणजे २०,४८० ब्लॉक, म्हणजे मॅप झाला ८१,९२० बाइटचा. मोजून ८० केबी! तो बिघडला तर सगळी पानं जागच्या जागी असूनही जर्नल वाचता येत नाही.

हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. इमेज उघडत नाही तेव्हा विचारायचा प्रश्न असा: पहिलं पान गेलंय, अनुक्रमणिका गेलीये, पानं गेलीयेत, की जर्नल चांगलं आहे आणि आपणच चुकीच्या टेबलावर शोधतोय?

हे शोधण्याआधी कॉपी. यात चर्चा नको. एकटी फाइल नाही, मशीनचा अख्खा फोल्डर, एक्स्टर्नल डिस्कवर. जागा नसेल तर मैत्रिणीची डिस्क मागा, मेसचं कूपन द्या, काहीही करा. मग दोन्हीकडचा हॅश काढून जुळवा (विंडोजवर ‘सर्टयूटिल’, लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’). इथून पुढचे सगळे प्रयोग कॉपीवर, मूळ फाइलला हात लावायचा नाही. व्हर्च्युअलबॉक्समधून मशीन ‘रिमूव्ह’ करताना सगळ्या फाइलीही डिलीट करू का असं विचारतात, तिथे घाईत एंटर मारू नका. आणि व्हीएचडी जोडल्यावर विंडोजने ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असं अदबीने विचारलं, तर तितक्याच अदबीने नाही म्हणा. आतली पार्टिशन लिनक्सची असली तरी विंडोज हाच प्रश्न विचारतं. तो बिघाडाचा पुरावा नव्हे.

कॉपी झाली की एरर वाचा. पूर्ण वाचा, नुसता लाल गोळा बघून खिडकी बंद करू नका. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘डिटेल्स’ उघडलं की ‘व्हीईआरआर’ने सुरू होणारा एक शब्द दिसतो. त्यात ‘फाइल नॉट फाउंड’ असेल तर इमेजला काही झालेलं नाही, ती फक्त सांगितलेल्या जागी नाही. एक्स्टर्नल डिस्कचं अक्षर काल ‘ई’ होतं आणि आज ‘एफ’ झालं, एवढ्यानेही हा एरर येतो. ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणजे परवानगीची भानगड. ‘नॉट सपोर्टेड’ आलं तर मात्र जरा गंभीर व्हा, पहिलं पान ओळखता येत नाही असा त्याचा अर्थ असू शकतो. आणि बायॉसमध्ये व्हीटी-एक्स बंद आहे असा एरर असेल तर त्याचा डिस्कशी काडीचाही संबंध नाही, तरी त्यापायी लोकांनी इमेज डिलीट करून नव्याने इन्स्टॉल केलेल्या मी पाहिल्यात.

होस्टेलमध्ये सर्वात जास्त भेटणारा एरर यूयूआयडीचा. लॅबमधली तयार इमेज एकीने आणली, सगळ्यांनी कॉपी करून घेतली. पहिलं मशीन चाललं. मग त्याच फाइलची आणखी एक कॉपी करून दुसरं मशीन बनवायला गेलं, की व्हर्च्युअलबॉक्स म्हणतं या यूयूआयडीची डिस्क आधीच नोंदलेली आहे. यूयूआयडी म्हणजे डिस्कचा रोल नंबर, तो हेडरमध्ये लिहिलेला असतो. फाइलचं नाव बदललं तरी तो तोच राहतो, आणि एका वर्गात एका रोल नंबरचे दोघं बसू शकत नाहीत. ‘व्हीबॉक्समॅनेज’मध्ये ‘इंटर्नल कमांड्स’खाली ‘सेट-एचडी-यूयूआयडी’ आहे, ती कॉपीला नवा नंबर देते. त्याहून बरं म्हणजे फाइल एक्स्प्लोररने कॉपी न करता ‘क्लोन’ करायचं, त्यात नवा नंबर आपोआप मिळतो. एक सावधगिरी मात्र हवी. त्या डिस्कचे स्नॅपशॉट असतील तर नंबर बदलू नका. का, ते पुढे येतंय.

स्नॅपशॉट हा या लेखातला सर्वात महागडा विषय आहे. स्नॅपशॉट घेतला की डिस्कचा फोटो निघून कुठेतरी ठेवला जातो, अशी बहुतेकांची समजूत असते. होतं ते उलटंच. मूळ फाइल त्या क्षणी गोठते आणि त्यानंतरचा प्रत्येक बदल एका नव्या फाइलमध्ये लिहिला जातो. या नव्या फाइलला फक्त फरक माहीत असतो. बाकी सगळ्यासाठी ती आईकडे बघते, आणि आईचा यूयूआयडी स्वतःच्या हेडरमध्ये जपून ठेवते. आईचा नंबर बदलला की लेक अनाथ. व्हीएमवेअरमध्येही हीच तऱ्हा, तिथे ‘सीआयडी’ आणि ‘पॅरेंट-सीआयडी’ असे दोन आकडे असतात. स्नॅपशॉट असताना कोणी मूळ डिस्क सुटी जोडून चालू केली, तर तिचा सीआयडी बदलतो आणि मग ‘चाइल्ड तयार झाल्यानंतर पॅरेंट डिस्क बदलली आहे’ असा निरोप येतो. हे आकडे वर्णनाच्या साध्या मजकुरात असतात, त्यामुळे हाताने जुळवता येतात. पण आईमध्ये खरंच काही लिहिलं गेलं असेल, तर आकडा जुळवून साखळी उघडेल आणि आतली फाइल सिस्टिम विस्कटलेली निघेल. म्हणून परत सांगते, कॉपीवर!

गेल्या वर्षी आमच्या वरच्या मजल्यावरच्या एका सीनियरचा लॅपटॉप फॉरमॅटला गेला. तिने शिस्तीत बॅकअप घेतला होता, ३० जीबीची व्हीडीआय. शेजारच्या ‘स्नॅपशॉट्स’ फोल्डरमध्येही काही फाइली होत्या, पण त्यांची नावं महिरपी कंसातल्या लांबलचक आकड्यांची, म्हणून टेंपररी समजून सोडून दिल्या. नंतर मशीन व्यवस्थित चालू झालं, एकही एरर नाही. फक्त आतलं कॅलेंडर जुलैमध्ये थांबलं होतं. उबुंटू टाकल्या टाकल्या तिने स्नॅपशॉट घेतला होता, त्यामुळे पुढचे तीन महिने सगळे त्या आकड्यांच्या फाइलींमध्ये होते, आणि त्या फॉरमॅटमध्ये गेल्या. कुठल्याच टूलने त्या परत आल्या नाहीत. तिने आणि तिच्या प्रोजेक्ट पार्टनरने दिवाळीच्या सुट्टीत सगळा कोड पुन्हा लिहिला.

तेव्हा मशीन उघडतंय पण ‘जुनं’ दिसतंय, असं झालं तर पहिल्यांदा हा फोल्डर शोधा. व्हीएमवेअरमध्ये नावाच्या शेवटी शून्यं आणि १ असलेल्या फाइली, हायपर-व्हीमध्ये ‘एव्हीएचडीएक्स’. जुना लॅपटॉप अजून कोणाकडे असेल तर तो आधी बंद करा, म्हणजे त्यावर नवं काही लिहिलं जाणार नाही.

व्हीएमडीकेची आणखी एक खोड. कित्येकदा डिस्क म्हणजे दोन फाइली असतात. एक अवाढव्य, नावात ‘फ्लॅट’ लिहिलेली, आणि एक चिमुकली, केबीभराची. लोक मोठी उचलतात आणि छोटी कचरा समजून टाकतात. पण पहिलं पान त्या छोटीतच असतं! सुदैवाने ती नुसती टेक्स्ट फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. मोठ्या फाइलचा नेमका आकार माहीत असेल तर तसंच दुसरं मशीन बनवून, त्याच्या छोट्या फाइलमधले आकडे आणि नाव बदलून ती पुन्हा लिहिता येते. पेनड्राइव्हवर सर्वात जास्त बळी हिचेच जातात.

पेनड्राइव्हवरून आठवलं. एफएटी३२ पेनड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावतच नाही, भले पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असो. आपल्याला लागते एक्सएफएटी किंवा एनटीएफएस. याशिवाय स्टेशनबाहेर मिळणारे ‘१ टीबी’वाले स्वस्त पेनड्राइव्ह असतात. ते आकार खोटा सांगतात, कॉपी शंभर टक्के झाली असंही सांगतात, आणि आतमध्ये पुढचा भाग कधी लिहिलेलाच नसतो. कॉपी करून लगेच उपटून काढला तरी तोच प्रकार. म्हणून आकार बाइटपर्यंत जुळवायचा आणि हॅशही.

अर्धवट कॉपी झालेल्या फाइलबाबत व्हीएचडीची एक खास गोष्ट आहे. तिची ओळख फाइलच्या अगदी शेवटच्या ५१२ बाइटमध्ये असते आणि ते ‘कनेक्टिक्स’ या शब्दाने सुरू होतात. कनेक्टिक्स ही व्हर्च्युअल पीसी बनवणारी कंपनी, तिचं हे तंत्रज्ञान मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये घेतलं, आणि फाइलमध्ये जुन्या मालकाचं नाव तसंच राहिलं (तेही एक ‘एन’ गाळून, कारण जागा आठच अक्षरांची). डायनॅमिक व्हीएचडीमध्ये या ओळखीची एक प्रत सुरुवातीलाही असते. फिक्स्ड प्रकारात नसते. त्यामुळे फिक्स्ड व्हीएचडीचं शेपूट तुटलं की विंडोज तिला ओळखच दाखवत नाही. पण घाबरू नका, शेपूट सोडलं तर ती फाइल म्हणजे सरळसोट कच्ची डिस्क असते, पानं क्रमाने लावलेली. क्यूईएमयूला ‘रॉ’ म्हणून दिली तर तुटलेल्या जागेपर्यंतचं सगळं वाचता येतं.

विंडोजमध्ये व्हीएचडीवर डबल क्लिक केल्यावर ‘माउंट करता आली नाही’ असं आलं, तर करप्शनच्या आधी आणखी एक गोष्ट तपासा. फाइल किंवा फोल्डर कॉम्प्रेस्ड, एन्क्रिप्टेड किंवा ‘स्पार्स’ असेल तर विंडोज ती जोडत नाही. प्रॉपर्टीजमधल्या ॲडव्हान्स्डमध्ये कॉम्प्रेसची खूण काढा. स्पार्सची खूण तिथे दिसत नाही, ती ‘एफएसयूटिल’ने काढावी लागते. डाउनलोड करणारी काही सॉफ्टवेअर ही खूण गुपचूप लावून ठेवतात. फाइल शंभर टक्के चांगली, आणि आपण उगाच रिकव्हरी सॉफ्टवेअर शोधत बसतो.

लॉकबद्दल थोडक्यात. व्हीएमवेअर ‘एलसीके’ नावाचा फोल्डर बनवतं, क्यूईएमयू ‘राइट लॉक मिळालं नाही’ म्हणतं (हे २०१७ च्या २.१० आवृत्तीपासून). कुलूप असतं कारण एकाच डिस्कवर दोन मशीन एकदम लिहायला लागली तर फाइल सिस्टिमचा चिवडा होतो. टास्क मॅनेजरमध्ये बघा, बंद केलेलं मशीन मागे जिवंत असतं पुष्कळदा. कोणीही जिवंत नाही याची खात्री झाली तरच एलसीके बाजूला काढा, तोही डिलीट न करता नाव बदलून.

आता खरोखरचा बिघाड. लाइट गेली, बॅटरी आधीच मेलेली, आणि मशीन चालू होतं. किंवा लॅपटॉपची डिस्क भरली आणि डायनॅमिक इमेजला वाढायला जागा उरली नाही. (हे दुसरं झालं तर व्हर्च्युअलबॉक्स मशीन ‘पॉज’ करतं. जागा मोकळी करून पुन्हा चालू करा, पॉवर ऑफ करू नका.) इथे माझं आवडतं टूल म्हणजे क्यूईएमयूसोबत येणारं ‘क्यूईएमयू-आयएमजी’. ते फुकट आहे आणि वर सांगितलेले सगळे प्रकार वाचतं. आधी ‘इन्फो’. व्हीडीआय दिली आणि उत्तर ‘रॉ’ आलं, तर हेडर गेलाय. (फिक्स्ड व्हीएचडी मात्र चांगली असली तरी ‘रॉ’च दाखवते.) खात्री करायची तर हेक्स एडिटरमध्ये सुरुवात बघा. व्हीडीआयच्या पहिल्या ओळीत चक्क वाचता येईल असं व्हर्च्युअलबॉक्सचं नाव असतं. जुन्या इमेजमध्ये तिथे इनोटेक किंवा सन दिसेल, कारण इनोटेकचं हे सॉफ्टवेअर २००८ मध्ये सनने घेतलं आणि २०१० मध्ये सनसकट ओरॅकलकडे गेलं. क्यूकाऊ-२ची सुरुवात ‘क्यूएफआय’ने, व्हीएचडीएक्सची ‘व्हीएचडीएक्सफाइल’ने, एकसंध व्हीएमडीकेची ‘केडीएमव्ही’ने, म्हणजे व्हीएमडीके उलटं वाचलं की झालं. एक्स्टेन्शन बदलून काही होत नाही ते याचमुळे. ओळख आत लिहिलेली असते. तिथे नुसती शून्यं दिसली तर मात्र तो भाग खरोखर गेला.

हेडर ठीक असेल तर ‘चेक’ चालवा, नुसता, दुरुस्तीचा पर्याय न देता. क्यूकाऊ-२मध्ये उत्तर दोन प्रकारचं येतं. ‘लीक’ म्हणजे काही जागा वापरात आहे असं लिहिलंय पण कोणी वापरत नाही. मेसच्या वहीत नाव आहे आणि मुलगी घरी गेलीये, तसं. जेवण वाया, बाकी नुकसान नाही. ‘एरर’ म्हणजे दोन नोंदी एकाच पानाकडे बोट दाखवतायत किंवा पानच नाही. लीक बिनधास्त दुरुस्त करा. एररसाठी ‘ऑल’ हा पर्याय आहे, पण तो अनुक्रमणिका बदलतो, म्हणून दुसरी कॉपी हाताशी हवीच. व्हीएमडीकेसाठी व्हीएमवेअरचं ‘व्हीडिस्कमॅनेजर’ आहे, त्याला ‘मोठा आर’ द्यायचा. व्हीएचडीएक्सला लाइट जाण्याचा त्रास कमी होतो, कारण ती बदल आधी आपल्या लॉगमध्ये लिहून ठेवते. २०१२ च्या विंडोज सर्व्हरबरोबर ती आली तेव्हापासूनची ही सोय, आणि माझ्या मते व्हीएचडी सोडून देण्यासाठी एवढं एक कारण पुरे.

इमेज उघडली पण आतलं विंडोज निळा स्क्रीन देतंय, किंवा बूटच होत नाही? हा वेगळा आजार. पुष्कळदा डिस्क आधी सॅटावर होती आणि नव्या मशीनमध्ये आयडीईला जोडली गेली, किंवा ईएफआयची खूण राहिली, एवढंच कारण असतं. जुनं सेटिंग ‘व्हीबॉक्स’ एक्स्टेन्शनच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, ती नोटपॅडमध्ये उघडून जुळवा.

आणि सबमिशन उद्यावर असेल तर बूट करायच्या नादाला लागूच नका, फाइली बाहेर काढा. सेव्हन-झिप हे आपलं साधं झिपवालं सॉफ्टवेअर व्हीडीआय, व्हीएमडीके, व्हीएचडी, क्यूकाऊ-२ सगळं उघडून बघतं, आतली लिनक्सची पार्टिशनसुद्धा सहसा दाखवतं, आणि तुम्ही काही बदलायला जात नाही तोवर इमेजमध्ये काही लिहीत नाही. ते अडलं तर नवं मशीन बनवा, उबुंटूच्या आयएसओवरून ‘ट्राय’ करून चालू करा, आजारी डिस्कची कॉपी दुसरी डिस्क म्हणून जोडा आणि ‘रीड-ओन्ली’ माउंट करा. व्हीएचडी असेल तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्येही जोडताना रीड-ओन्लीची खूण करता येते.

आधी होम फोल्डरमधला कोड घ्या. मग डेटाबेस, आणि इथेच सगळ्या चुकतात. मायएसक्यूएलचा डेटा होममध्ये नसतो, तो ‘व्हार’मधल्या ‘लिब’मधल्या ‘मायएसक्यूएल’ फोल्डरमध्ये असतो. त्यातल्या सुट्या फाइली उचलून चालत नाही, अख्खा फोल्डर घ्या आणि त्याच आवृत्तीच्या मायएसक्यूएलमध्ये बसवा. अपाचेचं सेटिंग ‘ईटीसी’मध्ये सापडेल. रिपोर्ट सर्वात शेवटी घेतलात तरी चालेल, तो ग्रुपमधल्या कोणाच्या तरी मेलमध्ये असतोच.